दिगंबर टेलरचा मॉनिटर

आमच्या धंद्यात माणसं भेटतात ती वैतागलेलीच भेटतात. डॉक्टरकडे येणारा घाबरलेला असतो, वकिलाकडे येणारा गोंधळलेला असतो. आमच्याकडे येणारा सरळ चिडलेला असतो, आणि तोही यंत्रावर नाही, आमच्यावर. जणू मीच त्याच्या घरात शिरून तारा उपसून आले. काम झालं की राग उतरतो, चहा येतो, आणि यंत्र पुन्हा बिघडेपर्यंत आमचा विषय संपतो. यात माझी काही तक्रार नाही. टीव्ही छान चालू असताना दुरुस्तीवाल्या बाईची आठवण काढणारा माणूस मलाही जरा संशयास्पदच वाटेल.

परभणीत माझं एक टेबल आहे. त्याला दुकान म्हणावं इतकं ते मोठं नाही. एका झेरॉक्सवाल्याच्या गाळ्यातला अर्धा कोपरा मी घेतलाय. आधी टीव्ही दुरुस्त केले, मग कंप्युटर, आता टॅबलेट आणि मोबाइल. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढे बाजारातही या कामात एकटीच राहिले. लोक बाई बघून आधी दचकायचे. ‘मिस्त्री कुठायत?’ असं मलाच विचारायचे. ‘मीच,’ म्हटलं की परत एकदा दचकायचे. आता केस पांढरे झाल्यावर कुणी दचकत नाही. म्हातारपणाचा एवढा फायदा झाला.

हल्ली माझी निम्मी कामं जोडणीची असतात. म्हणजे वस्तू मोडलेली नसते. टॅबलेट चांगला, मॉनिटर चांगला, वायर चांगली, फक्त एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं वायर खुपसली की चित्र आलं पाहिजे. पण टॅबलेटवरचं चित्र मोठ्या पडद्यावर जायचं तर वाटेत पाच-सहा दारं असतात आणि त्यातलं एक जरी बंद असलं तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढंच फिरत राहतं. कुठलं दार बंद आहे ते पडदा सांगत नाही. आमचं काम म्हणजे एकेक दार ठोठावत जाणं.

कधी कधी सगळी दारं उघडी असतात आणि तरी घोळ होतो. जिंतूरला बियाण्यांचे एक व्यापारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी बोलावलं. टॅबलेट बिनवायरचा टीव्हीला जोडला होता. टॅबलेट म्हणत होता जोडलं, आणि टीव्ही काळाठिक्कर. मी सगळं उघडून बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘भाऊजी, तुमच्या पोरीच्या साखरपुड्याचे फोटो आमच्या टीव्हीवर कामून लावायलात? सकाळपासून आमाला बातम्या दिसंनात.’

काकांचा टॅबलेट शेजारच्या टीव्हीला जाऊन चिकटला होता. काकू रागावल्या होत्या, पण फोटो त्यांनी शेवटपर्यंत बघितले होते. कुणाच्या अंगावर कुठली साडी होती तेही त्यांनी सांगितलं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि चारचौघांत त्या सांगायला बऱ्या वाटतात. पण दिवाळी अंकासाठी काही लिही म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते पेडगावचं घर. तेच सांगते.

एके दिवशी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. नाव वैशाली. तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. जिंतूरच्या काकांनीच तिला माझा नंबर दिला होता.

‘ताई, टॅबलेट मॉनिटरला जोडल्या जात न्हाई. मागच्या सुटीत मी मॉनिटर नेऊन ठेवला, वायर आणली. नुसतं नो सिग्नल. मला परत ड्युटीवर यावं लागलं. वडील तिकडं पेडगावला एकटेच हायत.’

‘वडिलांचा नंबर दे. त्यांना पडद्यावर काय दिसतंय ते मी फोनवरच विचारते. कधी कधी तेवढ्यावर काम होतं.’



‘त्यांना ऐकू येत न्हाई ताई. बोलताबी येत न्हाई. लहानपणापासून.’

मग तिने सगळं सांगितलं. आई-वडील दोघंही तसेच होते. वैशालीला मात्र ऐकू येतं. ती घरात हातांनी बोलायला आधी शिकली आणि तोंडाने नंतर, शेजाऱ्यांकडून. आई वारली. तेव्हापासून पेडगावात वडिलांशी हातांनी बोलणारं कुणीच उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी वैशाली टॅबलेटवर व्हिडिओ कॉल लावायची आणि बापलेक हातांनी बोलायचे. आता वडिलांना काचबिंदू झाला होता. एका डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलेलं, दुसऱ्याने मधलं तेवढं दिसायचं आणि तेही पुसट. टॅबलेटवरची लेकीची बोटं त्यांना वेगवेगळी दिसेनाशी झाली होती.

‘पुण्याला चला म्हणते तर येत न्हाईत. म्हणतात, इथल्या वाटा पायाला माहीत हायत. मोठ्या पडद्यावर दिसले माझे हात, तर अजून काही दिवस बोलता येईल, ताई. डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेली नजर परत येत न्हाई.’

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने पेडगावला गेले.

‘दिगंबर टेलर कुठं राहतात?’ विचारल्यावर कुणाला कळेना. मग एकाच्या डोक्यात उजेड पडला. ‘मुका टेलर म्हणा की!’ गाव त्यांना त्याच नावाने ओळखायचं. तोंडावर म्हटलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळे बिनधास्त म्हणायचे. मला ते म्हणवेना. मी त्यांना मनातल्या मनात दिगंबरभाऊ म्हणत राहिले.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकून नवाकोरा वाटावा असा तो मॉनिटर. दिगंबरभाऊ साठीच्या पुढचे, सडपातळ. शर्टाची इस्त्री कडक. मला दारात बघून त्यांनी मान तिरकी केली, उरलेल्या नजरेत मला बसवलं आणि हात जोडले. शेजारच्या शांताबाई भाकरी घेऊन आल्याच होत्या. त्यांनीच ओळख करून दिली. म्हणजे माझ्याकडे बोट दाखवलं, मॉनिटरकडे दाखवलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन जोरात ओरडल्या, ‘वैशूनं पाठवलंय!’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

‘माहीत हाय वो ऐकू येत न्हाई,’ शांताबाई म्हणाल्या. ‘पण न बोलता कसं राहावं माणसानं?’

त्या भल्या बाई होत्या. दोन वेळची भाकरी त्याच द्यायच्या. पण त्यांच्याकडेही दिगंबरभाऊंसाठी आठ-दहाच खुणा होत्या. जेव, ये, झोप, लाइट गेली, पाहुणा आला. गावाकडे त्याहून कमी. कपडा दाखवायचा, माप द्यायचं, कधी मिळेल विचारायचं. चाळीसेक वर्षं गावाने त्यांच्याशी एवढ्यावरच भागवलं होतं. बाकी सगळं बोलणं बायकोशी व्हायचं, आणि ती गेल्यावर त्या टॅबलेटमध्ये.

मी कामाला लागले.

पहिला संशय कापसावर. आमच्या भागात चार्जिंगचं छिद्र तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं, आणि हे तर टेलरचं घर. दात कोरायच्या लाकडी काडीने आतला तंतू-भुस्सा काढला. वायर घट्ट बसली, पण चित्र नाही. मग मॉनिटरचं सोर्सचं बटण. मॉनिटरला मागे दोन-तीन तोंडं असतात आणि तो कुठल्या तोंडाकडे बघतोय ते त्याला सांगावं लागतं. ते बरोबर होतं. मग मॉनिटरच नादुरुस्त असेल म्हणून माझा लॅपटॉप त्याच वायरने लावला. झटकन चित्र आलं. म्हणजे मॉनिटर चांगला, त्याच्याकडची वायरही चांगली. टॅबलेटला लावायचा कनेक्टर माझ्याकडचा दुसरा लावून पाहिला, मग तिसरा. टॅबलेट बंद करून चालू केला. सेटिंग सगळी चाळली. दिगंबरभाऊ स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते. मॉनिटरकडे ते बघत नव्हते. काम जमतंय की नाही ते माझ्या हातांवरून कळेल असं त्यांना वाटत असावं. आणि त्यांना ते कळलंही असणार.

शेवटी टॅबलेटच्या मॉडेलची माहिती मोबाइलवर काढून वाचली आणि उत्तर मिळालं. हे छिद्र सगळ्या टॅबलेटना बाहेरून सारखंच दिसतं. पण काहींत त्यातून वीज जाते, फायली जातात आणि चित्रही जातं. काहींत चित्राची वाट कंपनीने आतून केलेलीच नसते. नळ बसवलाय पण मागे पाइपच नाही, तसं. कितीही चांगली वायर आणा, पाणी येणार नाही.

हे पुण्याला फोनवर सांगता आलं असतं. पण ज्यांच्या घरात बसले होते त्यांना आधी सांगायला हवं असं वाटलं. मी कागदावर लिहिलं. त्यांनी कागद नाकापर्यंत नेला, तिरका केला, उजेडाकडे धरला आणि दिसत नाही म्हणून मान हलवली. मग उठले, कपाटातून काळ्या सुटिंगचा तुकडा काढला, बेतायच्या टेबलावर पसरला, हाताने सपाट केला आणि माझ्या हातात मार्किंगचा पांढरा खडू दिला.

मी हाताएवढाली अक्षरं काढली. ‘या टॅबलेटमधून वायरने चित्र जात नाही.’

ते कापडावर वाकले. एकेका अक्षरावरून बोट नेत त्यांनी वाचलं. लहानपणी ते शहरातल्या एका शाळेत काही वर्षं राहिले होते, तिथे लिहा-वाचायला शिकले होते. खडू घेऊन त्यांनी खाली एकच शब्द लिहिला.

‘वैशाली?’

त्या प्रश्नचिन्हाचं टिंब त्यांनी दोनदा गिरवलं.

मी लिहिलं, ‘दिसेल. दुसरं यंत्र आणते.’ त्यांनी ते वाचलं आणि तळहाताने कापड झटकून साफ केलं. नंतर खुणेने विचारलं, चहा?

पुढच्या फेरीला मी बोटाएवढा एक रिसीव्हर घेऊन गेले. तो मॉनिटरच्या मागे लावायचा, म्हणजे टॅबलेटवरचं चित्र वायरशिवाय हवेतून पडद्यावर येतं. आलंही. वैशाली सुटी घेऊन पुण्यात तिच्या खोलीत तयार बसली होती. पडद्यावर ती कमरेपर्यंत दिसली, दोन्ही हात मोठेच्या मोठे. दिगंबरभाऊ एकदम उठून उभे राहिले. शांताबाईंनी टाळी वाजवली.

वैशाली बोलायला लागली आणि सगळं बिनसलं. हात वर उचललेला दिसायचा, मग एकदम खाली आलेला दिसायचा. मधलं गायब. तुमचा-आमचा व्हिडिओ कॉल अडकतो तेव्हा चेहरा थिजतो पण आवाज येत राहतो, आपलं भागतं. इथे चित्र हाच आवाज होता. चित्र अडकलं की शब्द तुटायचा. दिगंबरभाऊ पुन्हा पुन्हा तीच खूण करत होते. अर्थ विचारायची गरज नव्हती. परत सांग, परत सांग. मग ते खाली बसले.

‘राहू द्या ताई,’ वैशाली पलीकडून म्हणाली. तिचा आवाज मात्र खणखणीत येत होता आणि त्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता.

मी म्हटलं, ‘थांब जरा.’

पत्र्याच्या त्या खोलीत नेट कसंबसं पोचत होतं. शिवाय नेट आणि पडद्याकडे जाणारं चित्र दोन्ही हवेतल्या एकाच वाटेने चालले होते आणि एकमेकांना अडवत होते. परभणीहून मी सिमकार्डचा एक छोटा राउटर आणला होता. तो खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला, जिथे रेंज सगळ्यात बरी होती. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना दोन वाटा लावून दिल्या. चित्र सुधारलं. वैशालीला सांगितलं, जरा सावकाश बोल. शब्द जोडले जायला लागले.

तरी काहीतरी खटकत होतं. वैशालीच म्हणाली, ‘ताई, बाबा माझ्याकडं बघंनात. बोलताना दुसरीकडंच बघायलेत.’

ते मॉनिटरकडे बघत होते, पण कॅमेरा टॅबलेटला होता आणि टॅबलेट मी बाजूच्या टेबलावर ठेवलेला. तोंडाने बोलताना आपण कुठेही बघत बोलतो. हातांनी बोलणाऱ्याने नजर वळवली की समोरच्याला वाटतं, बोलणं तोडलं. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं. शिलाई मशीनचं लाकडी ड्रॉवर उपडं करून मॉनिटरच्या अगदी खाली ठेवलं आणि त्यावर टॅबलेट उभा केला. ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे होती, त्यामुळे हात काळे दिसत होते. दुसरी ट्यूब समोरच्या भिंतीला लावून घेतली.

मग ते बोलले.

किती वेळ ते मी पाहिलं नाही. शांताबाई भाकरी टाकायची म्हणून निघून गेल्या. मी हत्यारं पिशवीत भरायचं विसरून भिंतीला टेकून उभी होते. बोलण्याने भरलेल्या खोलीत मी पुष्कळदा बसलेय, लग्नघरी, मयताच्या घरी. पण त्या खोलीत चिमणीचासुद्धा आवाज नव्हता आणि बोलणं मात्र उतू चाललं होतं. दिगंबरभाऊंचे खांदे, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. मध्येच ते हसले. वैशालीने डोळे पुसले, मग तीही हसली. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. त्या घरात त्या वेळी बहिरी मीच होते.

संध्याकाळी परभणीला पोचले, माझ्या खोलीचं कुलूप काढलं आणि दिवा लावला. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. सवय आहे मला त्या शांततेची. पण त्या दिवशी रेडिओ लावला आणि तसाच चालू ठेवला.

पुढे पेडगावला जाणं होत राहिलं. कधी शांताबाई झाडताना रिसीव्हर हलवून ठेवायच्या, कधी सोर्सचं बटण दाबलं जायचं, कधी लाइट जाऊन आली की राउटर रुसायचा. दोन-तीन मिनिटांची कामं. खरं सांगते, एक-दोनदा काही बिघडलं नसतानाही गेले. आधी म्हटलंच आहे, यंत्र चालू असताना दुरुस्तीवाल्याची आठवण कुणी काढत नाही. दिगंबरभाऊ काढायचे. मी दारात दिसले की मॉनिटरकडे न बघता आधी चुलीकडे जायचे. त्यांनी मला थोड्या खुणा शिकवल्या. चहा, लेक, सुई, पाऊस, छान. मी त्या इतक्या वाईट करायचे की ते तोंडावर हात धरून हसायचे.

सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला. नजर कमी होत चाललीय हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. खडूची अक्षरं मी दर वेळी आधीपेक्षा मोठी काढत होते. नंतर एका कापडावर दोनच अक्षरं मावायला लागली. शिलाई थांबली. वैशाली त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेऊन आली, थेंब बदलले. पुण्यातच राहा म्हणून हट्ट करून पाहिला. ते परत पेडगावला आले.

आणि मग एका दुपारी वैशालीचा फोन आला.

‘ताई, मॉनिटर गेला वाटतं. बाबा दोन दिवसांपासून सांगायलेत, चित्र येत न्हाई म्हणून. मला ते बराबर दिसतात. त्यांनाच मी दिसंना. जरा जाऊन येता का?’

मी म्हटलं, ‘जाते.’ रिसीव्हर गरम होऊन बंद पडला असेल म्हणून नवा पिशवीत टाकला.

दारातूनच मला मॉनिटर दिसला. तो चालू होता. वैशाली कॉल लावून बसली होती. पडद्यावर तिचा चेहरा होता, स्वच्छ, कुठे न अडकणारा. इतकं चांगलं चित्र त्या घरात मी कधी बघितलं नव्हतं. दिगंबरभाऊ त्याच्यासमोर स्टुलावर ताठ बसून वाट बघत होते.

मी तिथेच थांबले. मग आत गेले आणि कळून चुकलेलं असतानाही सगळं तपासलं. मॉनिटरची वायर काढून परत लावली. रिसीव्हर बदलला. उजेड वाढवला. माझे हात दुसरं काही करायला तयार नव्हते.

‘रिसीव्हर गेला का ताई?’ पडद्यातून वैशालीने विचारलं.

‘रिसीव्हर चांगला आहे.’

‘मग?’

मी दिगंबरभाऊंच्या समोर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी हलली नाही. हाताचा वारा लागला तेव्हा मात्र ते दचकले आणि हात पुढे करून मला चाचपलं. बांगड्यांवरून ओळखलं असावं. त्यांनी मॉनिटरच्या दिशेने बोट केलं आणि दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. काही नाही.

खडू आता निरुपयोगी होता. मी त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला, तळहात उघडला आणि बोटाने त्यावर एकेक अक्षर लिहिलं. प. ड. दा. मध्ये थांबले, मग पुढचे शब्द. चालू आहे.

त्यांनी हात तसाच ठेवला. डाव्या हाताने माझं बोट धरून परत तळहातावर टेकवलं. परत लिही. मी परत लिहिलं. तेच शब्द, तीच अक्षरं. या वेळी शेवटच्या अक्षराआधीच त्यांनी मूठ मिटली. माझं बोट त्या मुठीतच राहिलं.

वैशालीला सांगायची गरज पडली नाही. ती सगळं बघत होती. ‘बाबा,’ एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने दिगंबरभाऊंनी माझं बोट सोडलं. स्टूल चाचपून सरळ केलं. ड्रॉवरवरच्या टॅबलेटला हात लावून तो नेमका कुठे आहे ते पाहिलं, त्याच्या बरोबर समोर बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि हात उचलून बोलायला लागले. ते बोलतच राहिले. वैशाली रडत बघत होती. त्यांना थांबवायला तिच्याकडे काही साधन नव्हतं आणि मला वाटतं तिला थांबवायचंही नव्हतं.

ते काय बोलले ते तिने मला नंतर सांगितलं. पहिलं वाक्य होतं, ‘मला तू दिसत नाहीस, पण तुला मी दिसतो ना? मग मी बोलतो, तू बघ.’ आणि मग त्यांनी तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ती पाळण्यात असताना रडायची तेव्हा आई-बापाला कळायचं नाही, म्हणून आई झोपताना स्वतःच्या मनगटाला आणि पाळण्याला एकच दोरी बांधायची. हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी वैशाली पेडगावला आली. मी मुद्दाम गेले होते. तिने बॅग दारातच टाकली, बापासमोर बसली आणि आपले हात त्यांच्या हातांत दिले. हात हलवून बोलायला लागली आणि तिच्या हातांवर हात ठेवून ते ऐकायला लागले. आधी चुकत होते, दोघंही. ती थांबायची, परत करायची. मग तो वेग हळूहळू वाढत गेला. दवाखान्यातल्या कुणीतरी तिला हे दाखवलं होतं. नजर गेलेल्या बहिऱ्या माणसांशी असंच बोलतात म्हणे. यात वायर नाही, राउटर नाही. पण दोघांना एका खोलीत बसावं लागतं.

म्हणूनच दिगंबरभाऊ या वेळी पुण्याला जायला तयार झाले. निघताना शांताबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, ‘सांभाळून राहा!’ आणि पदर तोंडाला लावला. मॉनिटर वैशालीने मला दिला. आता तो माझ्या टेबलावर लोकांचे टॅबलेट तपासायला उपयोगी पडतो.

काही आठवड्यांनी, मी माझ्या टेबलाशी जेवणाचा डबा उघडत असताना, वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलच्या पडद्यावर बाप-लेक शेजारी शेजारी. दिगंबरभाऊंच्या अंगावर तशीच कडक इस्त्री.

‘बाबांना तुमच्याशी बोलायचंय,’ वैशाली म्हणाली. ‘मी मधी बसते. तुमी बोला, मी त्यांना सांगते.’

इतक्या वेळा त्या घरी गेले, पण आमचं सरळ बोलणं कधी झालंच नव्हतं. मला सुचेना. म्हटलं, ‘जेवले का विचार.’

हातांत हात हलले. उत्तर आलं ते भलं लांब. वैशाली हसायला लागली.

‘म्हणतात, जेवलो. इथली ज्वारी गोड हाय पण भाकरी कागदासारखी पातळ करतात. शांताबाईची भाकरी तोंडात असेपर्यंत कळायचं तरी, काहीतरी खातोय.’

मग त्यांनीच विचारलं. वैशालीने जरा संकोचून मला सांगितलं, ‘विचारतात, तुमच्या घरी कोण कोण असतं? इतके दिवस विचारायचं राहिलं म्हणतात.’

‘मी एकटीच असते.’

तिने ते त्यांच्या हातांत सांगितलं.  मग त्यांचे हात हलले, थोडकेच.

‘काय म्हणाले?’

‘म्हणतात, मग रोज फोन लावत जा.’

रोज जमत नाही. रविवारी लावते.